शिडाचा वेग, उजनीच्या नकाशावर

आषाढात श्रीपूर-महाळुंगच्या शिवारात उभा ऊस एका अंगाला कलतो. पश्चिम-नैर्ऋत्येचा तोच वारा उजनी धरणाच्या जलाशयावरूनही वाहतो. विंडसर्फिंगमध्ये, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर, स्वतःच्या वेगाचा विक्रम मोडायचा असेल तर आधी एवढंच बघायचं: वारा कुठून येतो आणि पाणी त्याला कोणत्या कोनात पसरलंय. जवळच्या गोव्यात हा खेळ चालतो. कात्या आणि डेन कुएल्हो ही विंडसर्फर भावंडं तिथलीच. पण ते खेळतात ती बोयांना वळसे घालायची शर्यत. निव्वळ वेगाचं गणित निराळं, आणि ते समजायला उजनीचा नकाशा फार सोयीचा.

वारा पाठीवर घेऊन सरळ पळालं की वेग सर्वांत जास्त, असं वाटतं. तसं होत नाही. फळी वाऱ्याच्या वेगाजवळ पोचली की शिडाला वाराच लागेनासा होतो. वारा बाजूने घेतला तर फळीच्या गतीमुळे समोरून येणारा वारा त्यात मिसळतो, शीड भरलेलं राहतं, आणि फळी वाऱ्यापेक्षाही जोरात धावते. वारा येतो त्या दिशेपासून १२० ते १३५ अंशांचा कोन वेगाला सर्वांत चांगला. भिगवणपासून भीमानगरच्या भिंतीपर्यंत जलाशयाचा एकूण रोख आग्नेयेकडे आहे, म्हणजे ढोबळमानाने हाच कोन. परतताना मात्र वाऱ्याला तिरपं कापत यावं लागतं.

दुसरी गरज सपाट पाण्याची. लाटेवर फळी उडाली की तिच्याखालचा पंखासारखा फिन पाण्याची पकड सोडतो. शीड फळीला आडवं ढकलत असतं; तिला सरळ ठेवतो तो हा हातभर लांबीचाही नसलेला फिन. वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून वेगासाठी लहान फिन पुरतो आणि पाण्याचा अडथळाही कमी होतो. पण सुरुवातीच्या मंद गतीत तोच लहान फिन निसटतो.

सपाट पाणी मिळतं वाऱ्याकडच्या काठाला, कारण तिथे लाट वाढायला अंतरच नसतं. उजनीवर हा काठ इंदापूरचा; करमाळा-माढ्याच्या, म्हणजे सोलापूरच्या, बाजूला लाटा साचतात. पाण्याच्या वाटपात सोलापूरकरांची तक्रार जुनीच, आता ही एक नवी! नामिबियातल्या ल्युडेरिट्झला तर या सपाट पाण्यासाठी वाळूत खास चर खणतात. तिथेच २०१५ मध्ये फ्रान्सच्या आंत्वान आल्बोने ५०० मीटरवर सरासरी ५३.२७ नॉट, म्हणजे ताशी जवळपास ९९ किलोमीटर, वेग गाठला. साधारण १८ सेकंदांत खेळ खलास.

घरगुती विक्रमाला पंच नसतो, जीपीएस असतो. सर्वांत चांगले दोन सेकंद, दहा-दहा सेकंदांच्या पाच धावांची सरासरी, ५०० मीटर, एक सागरी मैल, पूर्ण तास, असे वेगवेगळे आकडे लोक जपतात. माझ्या मते दोन सेकंदांचा आकडा मिरवायला बरा, खरी परीक्षा पाच धावांच्या सरासरीत. शिवाय दोन सेकंदांत चूक सहज शिरते. दोन ठिकाणांमधलं अंतर भागिले वेळ असा हिशेब केला आणि जागा तीन मीटरने चुकली, तर वेगात तीन नॉटांचा फरक पडतो. म्हणून चांगली यंत्रं उपग्रहाच्या लहरींची बदललेली वारंवारता मोजून, डॉप्लर पद्धतीने, थेट वेग काढतात. पाण्यात पडताना हात भिरभिरला की मनगटावरचं यंत्र खोटा उच्चांक दाखवतं. तो निमूटपणे खोडायचा.

उजनीची खरी अडचण पंचांगाची. वारा जूनमध्ये जोर धरतो, तेव्हा धरण तळाला गेलेलं असतं. इंदापूरच्या त्याच सपाट पाण्याच्या काठाला पळसदेवचं बुडालेलं मंदिर वर आलेलं असतं. भोवती गाळ, जुन्या भिंती, बाभळीची खोडं, मासेमारीची जाळी. तिथे फिन अडकला की माणूस शिडासकट पुढे फेकला जातो. मग थांबायचं पाणी चढेपर्यंत. मेमधल्या वळवाच्या वाऱ्यावर तर भरवसाच नको: तो एका दिशेने वाहत नाही, ढगाखालून अचानक कोसळतो. २१ मे २०२४ ला उजनीतच कुगाव-कळाशी दरम्यान अशाच वाऱ्यात बोट उलटून सहाजण बुडाले. त्या दिवसांत दुपारी आभाळ काळवंडायला लागलं की शीड गुंडाळून काठावर यायचं, यंत्रात आकडा कितीही झालेला असो.