विश्लेषण : आठ दिवसांची सेवा, आयुष्यभराची श्रद्धा? चर्चच्या परदेशी ‘मिशन ट्रिप’ वादात का?

अमेरिकेत शाळा-कॉलेजांना सुट्टी लागली की विमानतळांवर एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले तरुणांचे गट दिसू लागतात. कुणी मेक्सिकोत घर बांधायला निघालेले असते, कुणी ग्वाटेमालात आरोग्य शिबिराला, तर कुणी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये मुलांना शिकवायला. परतल्यावर यातील अनेकांचे सांगणे एकच असते : द्यायला गेलो होतो, पण घेऊनच आलो. हे ‘घेऊन येणे’ किती टिकते आणि त्याची किंमत कोण मोजते, यावर खुद्द ख्रिस्ती अभ्यासकांमध्येच गेली दोन दशके वाद सुरू आहे. काय आहे हा वाद?

‘शॉर्ट टर्म मिशन’ म्हणजे नेमके काय?

चर्चने किंवा चर्चशी संलग्न संस्थेने आखलेला, काही दिवस ते काही आठवड्यांचा परदेश दौरा म्हणजे शॉर्ट टर्म मिशन. मोर्मन पंथातील तरुण दीड-दोन वर्षांसाठी मिशनवर जातात, ती पद्धत वेगळी. इथे नोकरी किंवा शिक्षण सांभाळून सुट्टीत जाऊन येणे अपेक्षित असते. प्रिन्स्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बाउंडलेस फेथ’ या पुस्तकात असे दौरे करणाऱ्या अमेरिकी चर्च सदस्यांची संख्या वर्षाला सुमारे १६ लाख असल्याचा अंदाज मांडला होता. दौऱ्याचा सरासरी कालावधी होता अवघा आठ दिवस!

या आठ दिवसांत सकाळी प्रार्थना, दिवसभर बांधकाम, रंगकाम, मुलांचे खेळ किंवा वैद्यकीय तपासणी आणि रात्री गटाने बसून दिवसाचा अनुभव सांगणे, असा साधारण दिनक्रम असतो. खर्चासाठी नातेवाईकांना आणि चर्चमधील मंडळींना पत्रे पाठवली जातात, गाड्या धुऊन किंवा केक विकून निधी जमवला जातो. म्हणजे एका तरुणाच्या प्रवासामागे अख्ख्या मंडळीचा पैसा आणि अपेक्षा असतात.

ही पद्धत कधीपासूनची?

मिशनरी म्हणजे आयुष्य परदेशात घालवणारा माणूस, ही मूळ कल्पना. महाराष्ट्राला ती परिचित आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकी मिशनरी कित्येक महिन्यांच्या खडतर प्रवासानंतर फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले. हॉल मराठी शिकले, इथेच राहिले आणि १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना पटकीने गेले. सिंथिया फरार १८२७ मध्ये आल्या आणि मुलींच्या शाळा चालवत १८६२ मध्ये अहमदनगरात वारल्या. मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी भारतात सुमारे चार दशके काम केले. धर्मप्रसाराच्या त्यांच्या हेतूबद्दल मतभेद तेव्हाही होते, आजही आहेत. पण ज्यांच्यात काम करायचे त्यांची भाषा आधी शिकायची, हा दंडक या पिढ्यांनी पाळला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र बदलले. जॉर्ज व्हेर्वर हा अमेरिकी विद्यार्थी १९५७ मध्ये दोन मित्रांसह धार्मिक पुस्तके घेऊन मेक्सिकोत गेला. त्यातूनच पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था उभी राहिली. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ सुरू केली. जेट विमानांनी महिन्यांचा प्रवास तासांवर आणला होता. मग आयुष्य देण्याची गरज उरली नाही, सुट्टी दिली तरी पुरेसे झाले.

होंडुरासमधील अभ्यास काय सांगतो?

या विषयातील सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास होंडुरासचा आहे. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर आलेल्या ‘मिच’ चक्रीवादळाने मध्य अमेरिकेत हजारो बळी घेतले, असंख्य घरे वाहून गेली. उत्तर अमेरिकेतील चर्चचे गट घरे बांधायला होंडुरासमध्ये धावून गेले. त्याच वेळी स्थानिक ख्रिस्ती संस्थाही घरे बांधत होत्या. होंडुरासमध्ये दीर्घकाळ राहिलेले, केल्व्हिन कॉलेजचे प्राध्यापक कर्ट व्हेर बीक यांनी दोन्हींची तुलना करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले.

पाहुण्या गटाचा प्रवास-मुक्काम धरून एका घराला सुमारे ३० हजार डॉलर लागले, तर स्थानिक संस्थेला त्याच धर्तीच्या घरासाठी सुमारे दोन हजार. साधा भागाकार केला तर एका घराच्या खर्चात १५ घरे! यात कुणी पैसे खाल्ले नव्हते. मोठा वाटा विमान तिकिटांचा होता आणि परदेशातून आलेला स्वयंसेवक बांधकामावर फार तर बिगाऱ्याचे काम करतो. शिवाय घर कुणी बांधून दिले, यामुळे त्या कुटुंबांच्या पुढील आयुष्यात लक्षणीय फरक पडल्याचेही दिसले नाही.

पण तो पैसा एरवी मिळाला असता का?

समर्थकांचा हा मुद्दा बिनतोड वाटतो. आजी नातवाच्या प्रवासाला पैसे देते, पण होंडुरासमधील अनोळखी संस्थेला देईलच असे नाही. शिवाय गरिबी डोळ्यांनी पाहून आलेला तरुण पुढे आयुष्यभर मदत करत राहील, म्हणून ही गुंतवणूक आहे, असे सांगितले जाते.

व्हेर बीक यांनी नेमके हेच तपासले. परतलेल्या अनेकांनी आपण पूर्वीपेक्षा जास्त दान देतो, जास्त प्रार्थना करतो असे सांगितले. पण त्यांना पाठवणाऱ्या संस्थेच्या देणग्यांच्या नोंदींत तशी वाढ फारशी आढळली नाही. ही माणसे खोटे बोलत होती असे नव्हे. आपण बदललो आहोत, असे त्यांना मनापासून वाटत होते. व्हेर बीक यांनी यासाठी रोपट्याचे उदाहरण दिले आहे. रोपटे हाताने वाकवले तर वाकते, सोडले की पुन्हा सरळ होते. त्याला हव्या त्या दिशेने वाढवायचे तर बराच काळ बांधून ठेवावे लागते.

मग तिथे सापडलेली श्रद्धा खोटी मानायची का?

तसे म्हणता येणार नाही. मोबाइल, नोकरी, घर यांपासून दूर, छोट्या गटात, अंगमेहनत करत आणि रोज प्रार्थनेला बसत घालवलेला आठवडा माणसाला हलवतोच. घरी जन्मजात मिळालेला धर्म अनेकांना तिथे पहिल्यांदा स्वतःचा वाटतो. ज्या घरात जेवायची भ्रांत आहे तिथे पाहुण्यासाठी कोंबडी कापली जाते, तेव्हा देणारा कोण आणि घेणारा कोण, हा हिशेब उलटा होतो.

म्हणूनच रॉबर्ट प्रीस्ट यांच्यासारख्या अभ्यासकांनी या दौऱ्यांची तुलना तीर्थयात्रेशी केली आहे. रोजचे आयुष्य सोडणे, कष्ट सोसणे, सहप्रवाशांशी एकरूप होणे आणि बदलून परतणे, हे टप्पे दोन्हींत सारखे आहेत. मराठी वाचकाला हे समजायला वारी पुरेशी आहे. हुद्दा बाजूला ठेवून एकमेकांना ‘माउली’ म्हणत चालण्याचा अनुभव खराच असतो. मात्र दोन फरक महत्त्वाचे. वारकरी पंढरपूरकरांवर उपकार करायला निघालेला नसतो. आणि घरी परतल्यावर गळ्यातील माळ आणि पंधरवड्याची एकादशी त्याला बांधून ठेवते. व्हेर बीक यांच्या रोपट्याला लागणारा आधार तो हाच. मिशन ट्रिपवरून परतलेल्या तरुणासाठी अशी व्यवस्था बहुतेकदा नसते. फोटो टाकले जातात, चर्चमध्ये अनुभवकथन होते आणि कॉलेज सुरू होते.

श्रद्धेच्या शोधात बाहेर पडणे गैर नाही. अडचण होते ती या यात्रेला सेवेचे नाव दिल्याने. कारण सेवा म्हटले की समोर ‘गरजू’ लागतो.

लहान मुलांचा प्रश्न सर्वात गंभीर का?

गरजू म्हणून सर्वात सहज पुढे केली जातात ती मुले. बांधकामाला कौशल्य लागते, मुलांशी खेळायला लागत नाही, असा समज आहे. त्यामुळे अनाथाश्रमाला भेट हा अनेक दौऱ्यांचा ठरलेला भाग असतो. पण दर आठवड्याला नवे चेहरे येतात, जीव लावतात आणि निघून जातात. ज्या मुलाने आधीच आपली माणसे गमावली आहेत, त्याच्यासाठी ही पुन्हा पुन्हा होणारी ताटातूट असते.

दुसरा धोका पैशाचा. पाहुणे आणि देणग्या अनाथाश्रमाकडे येतात म्हटल्यावर मुले तिथे आणली जातात. लेखिका जे. के. रोलिंग यांनी स्थापन केलेल्या ‘लुमोस’ संस्थेच्या अंदाजानुसार हैतीतील अनाथाश्रमांत राहणाऱ्या सुमारे ८० टक्के मुलांचे आई किंवा वडील हयात होते. त्याच हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर ३३ मुलांना सीमेपलीकडे नेऊ पाहणाऱ्या १० अमेरिकी बाप्टिस्ट स्वयंसेवकांना अटक झाली. यातील अनेक मुलांचे पालक जिवंत असल्याचे नंतर उघड झाले. बेकायदा प्रवासाची व्यवस्था केल्याबद्दल गटप्रमुख महिला दोषी ठरली.

यानंतर धोरणेही बदलू लागली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ च्या बालहक्कविषयक ठरावात अनाथाश्रमांतील स्वयंसेवी पर्यटनाच्या धोक्यांकडे लक्ष वेधले.

स्वयंसेवकांना धोका असतो का?

असतो, आणि तो अनेकदा मायदेशालाही निस्तरावा लागतो. दक्षिण कोरियातील एका चर्चच्या २३ स्वयंसेवकांना जुलै २००७ मध्ये तालिबानने अफगाणिस्तानात ओलीस धरले. दोघांची हत्या झाली. इतरांच्या सुटकेसाठी कोरिया सरकारला तालिबानशी थेट बोलणी करावी लागली आणि अफगाणिस्तानातील कोरियन मिशनरी कार्य थांबवण्याचे मान्य करावे लागले. परदेशी मिशनरी पाठवण्यात आघाडीवर असलेल्या या देशात चर्चवर मोठी टीका झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैतीत १६ अमेरिकी आणि एका कॅनेडियन मिशनरीचे टोळीने अपहरण केले, त्यांत लहान मुलेही होती.

भारतात नियम काय आहेत?

भारतात पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा ही स्वतंत्र श्रेणी आहे. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांनाही मिशनरी किंवा तबलिगी कार्यासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये अंदमानच्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर मारला गेलेला २६ वर्षांचा अमेरिकी तरुण जॉन चाउ पर्यटक व्हिसावर आला होता. त्याची मोहीम आठवड्याची सहल नव्हती, त्याने अनेक वर्षे तयारी केली होती. मात्र त्या प्रकरणातील एक बाब इथेही लागू पडते. त्याला बेटाजवळ नेणाऱ्या स्थानिक मच्छीमारांना अटक झाली. पाहुण्याच्या श्रद्धेचा खर्च यजमानाच्या खात्यावर पडला.

चांगली मिशन ट्रिप कशी ओळखायची?

अमेरिकेतील मिशन संस्थांनी २००३ मध्ये सात निकषांची स्वेच्छा आचारसंहिता तयार केली. यजमानांसोबत मिळून नियोजन, योग्य प्रशिक्षण आणि परतल्यानंतरचा पाठपुरावा यांचा त्यात समावेश आहे. ती पाळण्याची सक्ती मात्र कुणावरही नाही. स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट यांच्या ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ (२००९) या पुस्तकाने हा विचार चर्चमंडळींत घरोघरी पोहोचवला.

अभ्यासकांच्या चर्चेतून काही सोपे प्रश्न पुढे येतात. काम यजमानांनी मागितले आहे की पाहुण्यांना करायचे आहे? त्याच कामाची मजुरी गावातील गवंड्याला देता आली असती का? जे काम आपल्याला मायदेशात कुणी करू देणार नाही, उदाहरणार्थ शिक्षण नसताना रुग्णाला हात लावणे, ते तिथे का चालते? मुलांचे फोटो काढताना पालकांना विचारले का? आणि पुढच्या वर्षी त्याच गावाशी संबंध उरेल का?

हे प्रश्न केवळ चर्चपुरते नाहीत. आपल्याकडे एनएसएसची सात दिवसांची निवासी शिबिरे होतात, कंपन्यांचे कर्मचारी एका दिवसाच्या वृक्षारोपणाला जातात. तिथेही शिबिर संपल्यानंतर रोपांना पाणी कोण घालणार, हे बहुतेकदा गावावर सोडलेले असते.

पुढे काय?

हे दौरे बंद होण्याची शक्यता नाही, कारण त्यामागची ओढ खरी आहे. काही संस्थांनी आता भाषा बदलली आहे. ‘सेवेला जाणे’ ऐवजी ‘शिकायला जाणे’ असे त्या म्हणतात, स्थानिक गवंड्याच्या हाताखाली काम करायला सांगतात आणि दौऱ्याच्या आधी व नंतर काही महिने गटाला एकत्र बसवतात. तरीही दौरा यशस्वी झाला का, हे आजही मुख्यतः परतलेल्या तरुणालाच विचारले जाते. तोच प्रश्न होंडुरासमधील घरमालकाला आणि हैतीतील आईला विचारला जाऊ लागला, तर दौऱ्यांचे नियोजनच वेगळे होईल.