शाळेच्या फाईली दुरून, पण सुरक्षित : एसएफटीपी सर्व्हरची ओळख



निकालाचे दिवस आले की आपण काय करतो? गुणपत्रक व्हॉट्सॲपवर, जन्मदाखल्याचा फोटो ग्रुपवर आणि आधार क्रमांकांची यादी पेनड्राइव्हमध्ये! मी पाहिलेल्या एका शाळेने यावर उपाय म्हणून स्वतःचा फाईल सर्व्हर सुरू केला. चांगली गोष्ट. पण सगळ्या शिक्षकांना युजरनेम एकच, पासवर्डही एकच. ऐन निकालाच्या आठवड्यात सातवीचं फोल्डर गायब झालं. सर्व्हरच्या नोंदीत नाव एकच, म्हणजे सगळ्यांचंच. संशय मात्र नव्याने आलेल्या बाईंवर गेला. आपण ते केलं नाही हे दाखवायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

म्हणूनच आज समजून घेऊ : सुरक्षित सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

एफटीपी आणि एसएफटीपी

फाईल पाठवण्याची जुनी पद्धत म्हणजे एफटीपी. तिचा पहिला मसुदा १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरचे विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. त्या काळी नेटवर्कवर मोजकीच मंडळी होती. त्यामुळे एफटीपीत पासवर्डसुद्धा पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जातो.

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले. त्यानंतर तातू यलोनेन यांनी एसएसएच तयार केलं. यात सगळी देवाणघेवाण कुलूपबंद होते. याच बंद वाटेवरून फाईल नेणं म्हणजे एसएफटीपी. एफटीपीचा पोर्ट २१, एसएफटीपीचा २२.

सर्व्हर उभा करताना

शाळेतला जुना पण चालू संगणक, त्यावर उबुंटू आणि ओपनएसएसएच एवढं पुरतं. दोन्ही मोफत आहेत. पुढच्या गोष्टी मात्र काटेकोरपणे करा.

१. प्रत्येकाचं वेगळं खातं : कुलकर्णी सरांचं वेगळं, शेख बाईंचं वेगळं. शिक्षकांची बदली झाली की त्यांचं खातं त्याच दिवशी बंद.

२. प्रत्येकाला आपलीच खोली : खातेदाराला स्वतःच्या फोल्डरबाहेर काही दिसू नये अशी सोय ओपनएसएसएचमध्ये आहे. इथे बरेच जण अडतात. खोलीचं बाहेरचं फोल्डर मुख्य ॲडमिनच्याच मालकीचं लागतं आणि इतरांना त्यात लिहिता येता कामा नये, नाहीतर लॉगिनच होत नाही. शिक्षकांसाठी त्याच्या आत दुसरं फोल्डर करून द्या.

३. पासवर्डऐवजी किल्ली : किल्ल्यांची जोडी असते. खासगी किल्ली शिक्षकाच्या संगणकावर राहते, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर. सगळ्यांच्या किल्ल्या चालतात याची खात्री झाली की पासवर्डने येण्याची वाट बंद करा. खासगी किल्ली कुणालाही पाठवू नका, अगदी मुख्याध्यापकांनाही!

४. नोंद : कोण आलं याची नोंद आपोआप होते. पण कोणती फाईल चढवली, कोणती पुसली हे हवं असेल तर नोंदीची पातळी वाढवावी लागते. हे विसरू नका.

५. बॅकअप : कुलूप चोरापासून वाचवतं, चुकून पुसण्यापासून नाही. रोजची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.

घरून कसं जोडायचं?

शिक्षकांनी फाइलझिला किंवा विनएससीपी वापरावं. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचा ‘ठसा’, म्हणजे अक्षर-अंकांची एक ओळ दिसते. डोळे झाकून ‘हो’ म्हणू नका. ॲडमिनला फोन करून ती ओळ जुळवा. आपण खऱ्या सर्व्हरशीच बोलतोय याची खात्री तिथेच होते.

बाहेरून येण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट उघडावा लागतो. काही इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, तिथे हे चालत नाही. अशा वेळी व्हीपीएन वापरा किंवा भाड्याचा सर्व्हर घ्या.

आणि हे सगळं सांभाळणारा एकही माणूस शाळेत नसेल, तर सर्व्हर उभारू नका. अपडेट न केलेला सर्व्हर म्हणजे कडी न लावलेलं कपाट.

पालकहो, तुम्हीही शाळेला जरूर विचारा : “आमच्या मुलांची कागदपत्रं कुठे ठेवता, आणि ती कोण कोण उघडू शकतं?” ज्या शाळेत प्रत्येकाचं खातं वेगळं आहे, तिथे याचं उत्तर नावानिशी मिळेल. मुलांची माहिती जपली जाईल आणि कुणा बाईंवर विनाकारण बोट उठणार नाही.