आधी जागा, मग पाणी

दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बालकाला अंगावरचे दूध ओढण्याची ताकद नसते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारणतः गर्भावस्थेच्या ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तोवर आईचे दूध काढून बारीक नळीने, नाकातून किंवा तोंडातून, थेट जठरात पोचवावे लागते. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात, बांबोळीस किंवा कोल्हापुरास ज्यांचे मूल कधी ठेवावे लागले असेल, त्यांना ही नळी ठाऊक असेल. गिळता न येणाऱ्या काही मुलांना तर ती घेऊनच घरी यावे लागते. तेव्हा हा विषय केवळ परिचारिकांचा नव्हे. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या आयाबायांचाही आहे.

दूध देऊन झाल्यावर नळीत थोडे पाणी सोडतात. सिस्टर याला 'फ्लश करणे' म्हणतात. ते कशासाठी? पेजेचे भांडे लगेच विसळले तर पाण्याने निघते. वाळू दिले तर घासावे लागते. नवजात बालकाची पाच नंबरची नळी बाहेरून जेमतेम पावणेदोन मिलिमीटर जाड असते. ती आतून घासणार कशी? त्यात दुधात आमसूल पडले की दूध फाटते, तसेच जठरातले आम्ल नळीत चढले की आतले दूध फाटून गाठी होतात. म्हणून प्रत्येक दुधानंतर, तसेच प्रत्येक औषधाच्या आधी व नंतर पाणी द्यायचे. औषधे एकेक करून द्यायची. दुधात कालवायची नाहीत.

इतके सोपे काम, मग त्यात धोका कोणता? पहिला धोका क्रमाचा आहे. नळी नवी घातली की तिचे टोक जठरात आहे की चुकून श्वासमार्गात गेले, हे आधी ठरले पाहिजे. त्यासाठी नळीतून थोडा रस ओढून आम्लता दाखवणाऱ्या पट्टीवर टाकतात. आकडा ५.५ किंवा त्याखाली आला तर जागा बरोबर मानतात. शंका राहिली तर क्ष-किरणाने पाहतात. हवा सोडून पोटात गुरगुर ऐकण्याची जुनी रीत भरवशाची नाही. मूल खोकले नाही, एवढ्यावरही विसंबू नये. अशक्त बालक खोकतही नाही. इंग्लंडमधील राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २०१२ साली याविषयी इशारा दिला. जागा तपासण्याआधीच नळीत पाणी सोडले गेले होते. तेच पाणी, नळीच्या आतल्या बुळबुळीत लेपासह, परत ओढले गेले आणि त्या मिश्रणाने पट्टीवर आम्लता दाखवली. नळी जठरात आहे असे समजून अन्न सुरू झाले. ती होती फुप्फुसात. रुग्ण दगावले. म्हणून सूत्र असे: आधी जागा, मग पाणी. घरीही दर वेळी नाकापाशी असलेली नळीवरची खूण सरकली नाही ना, हे पाहावे व शिकवल्याप्रमाणे रस तपासावा.

दुसरा धोका मापाचा. मोठ्या माणसाला ३० मिलिलिटर पाणी चालते. नवजात बालकाला अर्धा ते एक पुरे होते. दीड किलोच्या बालकाला दिवसाकाठी सुमारे २२५ मिलिलिटर दूध लागते. बारा वेळा दूध दिले आणि प्रत्येक वेळी आधी पाच, नंतर पाच मिलिलिटर पाणी घातले, तर १२० मिलिलिटर नुसते पाणीच झाले! पोट पाण्याने भरते, रक्तातले मीठ पातळ होते, झटकेही येऊ शकतात. म्हणून माप डॉक्टरांनी ठरवावे व प्रत्येक थेंब नोंदवहीत लिहावा.

तिसरा धोका जोराचा. पुळणीत फळी रुतत नाही, काठीचे टोक रुतते. तसेच अंगठ्याचा जोर तोच असला तरी सिरिंज जितकी बारीक, तितका नळीत दाब अधिक. नळी तुंबली तर कोमट पाण्याने हळूहळू पुढेमागे करून पाहावे. न निघाल्यास रुग्णालय गाठावे. तार घालू नये, कोला किंवा लिंबाचे पाणीही नको. आंबटाने दूध अधिकच फाटते. पाणी देताना मूल निळे पडले, धापा टाकू लागले किंवा ठसकले, तर तत्काळ थांबावे.

आता पाणी कोणते, तेही सांगतो. किनाऱ्यावरच्या पुष्कळ विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. उकळल्याने जंतू मरतात, खारटपणा जात नाही. उलट पाणी आटले की वाढतोच. तान्ह्यासाठी डॉक्टर सांगतील तेच निर्जंतुक पाणी वापरावे.

हे घरच्या बाईला जमेल काय, अशी शंका कोणी घेईल. डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या खेड्यांतील स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकवली आणि बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'ने ते प्रसिद्ध केले. तेथे प्रश्न नळीचा नव्हता, पण शिकवले तर येते हे त्यातून सिद्ध झाले. म्हणून नळीसह मूल घरी न्यायचे असेल, तर सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने हे काम करून दाखवावे, एकदा नव्हे, अनेकदा, आणि मगच घरची वाट धरावी. तसा आग्रह धरण्यात संकोच नको.