विश्लेषण : मुख्यमंत्री एका पक्षाचा, पंतप्रधान दुसऱ्याचा… एकाच दिवशी मतदार असे का ठरवतो?

एप्रिल २०१९. ओडिशातील मतदान केंद्रांत दोन ईव्हीएम होती. एकावर लोकसभेची पांढरी मतपत्रिका, दुसऱ्यावर विधानसभेची गुलाबी. निकालात विधानसभेच्या १४६ पैकी ११२ जागा बिजू जनता दलाला मिळाल्या, भाजपला २३. लोकसभेत मात्र भाजपने २१ पैकी ८ जागा घेतल्या.

मतदार गोंधळला होता का?

नाही. त्याच्यासमोर दोन वेगळे प्रश्न होते. गुलाबी मतपत्रिकेमागे २००० पासून मुख्यमंत्री असलेले नवीन पटनायक आणि शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे टाकणारी ‘कालिया’ योजना होती. पांढरीमागे दिल्लीत कोण, हा प्रश्न. पटनायक भाजप आणि काँग्रेस दोघांपासून अंतर राखून होते. पंतप्रधानपदासाठी त्यांच्याकडे चेहराच नव्हता. कायद्याने मतदार फक्त खासदार निवडतो, पण बालाकोट कारवाईनंतर दोनच महिन्यांत झालेल्या त्या निवडणुकीत अनेकांनी मत दिले ते मोदींकडे पाहून.

ही दुहेरी निवड किती मोठी?

टीव्हीवरच्या चर्चांत वाटते तेवढी नाही. भाजपला विधानसभेत सुमारे ३२ टक्के मते होती, लोकसभेत सुमारे ३८. म्हणजे निव्वळ फरक शंभरात सहा मतांचा. बहुतेकांनी दोन्हीकडे एकच चिन्ह दाबले असावे. पण अटीतटीच्या मतदारसंघांत सहा टक्केही पुरतात.

२०२४ मध्ये भाजपने लोकसभेच्या २१ पैकी २० जागा जिंकल्या, बिजदला भोपळा. त्याच वेळी विधानसभेत बिजदला भाजपपेक्षा किंचित जास्त मते मिळाली (दोघांनाही सुमारे ४० टक्के), तरी ७८ विरुद्ध ५१ जागांनी सत्ता गेली. लोकसभेत भाजपची मते सुमारे ४५ टक्के होती. दोन मतांमधली दरी जवळपास तेवढीच राहिली. घसरली ती पटनायकांची आघाडी.

आता हा मुद्दा का?

एकत्रित निवडणुकांचे १२९वे घटनादुरुस्ती विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडले गेले. राष्ट्रीय लाटेत राज्याचे प्रश्न बुडतील, ही विरोधकांची भीती. समर्थक २०१९ च्या ओडिशाकडे बोट दाखवतात.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये दोन्ही निवडणुका वेगळ्या झाल्या. महायुती लोकसभेत ४८ पैकी १७ वर थांबली, विधानसभेत २८८ पैकी २३० वर गेली. लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला, ‘लाडकी बहीण’ योजनेची घोषणा २८ जूनला झाली आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला. एकत्रित निवडणुकीत ही मधली तारीखच नसती.