गिअरबॉक्सचे ऑइल केव्हा बदलावे?
(धान पिकवणाऱ्या ट्रॅक्टर व ट्रक-मालकांसाठी)



रोवणीच्या दिवसांत सडक अर्जुनी तालुक्यातील ट्रॅक्टरला उसंत नसते. सकाळी एका बांधीत चिखलणी, दुपारी दुसरीत, संध्याकाळी शेजाऱ्याच्या शेतात भाड्याने. इंजिनचे ऑइल आपण बहुतेक जण वेळेवर बदलतो, कारण ते काळे पडलेले डोळ्यांना दिसते. गिअरबॉक्सचे ऑइल मात्र झाकलेले असते. “गळत नाही ना, मग उघडायचे कशाला?” असे म्हणून ते चार-चार, पाच-पाच वर्षे तसेच राहते.

याचे नुकसान फक्त यंत्राचे नाही, धानाचेही आहे. गिअरबॉक्स बिघडला की ट्रॅक्टर मधून दोन भागांत सोडवावा लागतो. त्यात दिवसामागून दिवस जातात आणि तेही ऐन रोवणीत. इकडे पऱ्हे वाढत राहतात. खरीप धानाचे पऱ्हे साधारण २१ ते २५ दिवसांचे असताना रोवावेत. ते वयस्क झाले की फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटते. म्हणून गिअरबॉक्सच्या ऑइलचा विचार शेतीच्या कामातच धरला पाहिजे.

ऑइल आत काय करते?

गिअरचे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत. दाबाखाली घासत सरकतात. दोन दात्यांच्या मध्ये ऑइलचा पातळ थर असतो, त्यामुळे लोखंड लोखंडाला लागत नाही. ऑइल उष्णता वाहून नेते, गंजापासून बचाव करते आणि झिजलेला धातूचा कीस तळाशी नेऊन बसवते.

हे ऑइल इंजिनच्या ऑइलसारखे जळत नाही, म्हणून ते जास्त दिवस टिकते. पण टिकते याचा अर्थ कायमचे राहते असा नाही. उष्णतेने ते हळूहळू बिघडते. साधारण हिशेब असा, की ऑइलचे तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की बिघडण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. त्यात मिसळलेली औषधी द्रव्येही वापराने संपत जातात आणि धातूचा कीस वाढतो.

किती तासांनी बदलावे?

पहिला आधार म्हणजे ट्रॅक्टरसोबत मिळालेले माहिती-पुस्तक. बहुतेक ट्रॅक्टरांसाठी गिअरबॉक्स व मागील हाउसिंगच्या ऑइलची मुदत सुमारे १००० तासांची असते. काहींची कमी, काहींची जास्त. तुमचा ट्रॅक्टर वर्षाला ५०० तास चालत असेल तर दोन वर्षांनी पाळी येते. भाड्याने १००० तास चालत असेल तर दरवर्षी. नव्या ट्रॅक्टरच्या पहिल्या सर्व्हिसिंगकडे दुर्लक्ष करू नये. नवे दाते एकमेकांशी जुळताना सुरुवातीलाच जास्त कीस पडतो.

आणखी एक गोष्ट बघा. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांचा तास-काटा इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. इंजिन मंद चालवले तर काट्यावर तास कमी पडतात. म्हणून काट्याचा आकडा आणि तारीख, दोन्ही वहीत लिहून ठेवावे.

आपल्याकडे मात्र तासांच्याही आधी पाहावयाची गोष्ट म्हणजे पाणी. कोरडवाहू भागातील ट्रॅक्टर आणि धानाच्या बांधीतील ट्रॅक्टर यांत हाच फरक आहे.

चिखलणीत पाणी आत कसे शिरते?

गरम केलेला लोटा पाण्यात पालथा घालून ठेवला तर काय होते? आतली हवा गार होऊन आकसते आणि पाणी लोट्यात वर चढते. गिअरबॉक्सचेही तसेच आहे. काम करून तापलेला ट्रॅक्टर खोल बांधीत उतरला किंवा धुण्यासाठी सरळ तलावात, बोडीत घातला, की हाउसिंग एकदम गार होते. आतली हवा आकसते आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून किंवा ब्रीदरमधून पाणी ओढले जाते.

ब्रीदर म्हणजे हाउसिंगच्या वरच्या बाजूची, हवा येण्याजाण्याची छोटी टोपी. ती चिखलाने बुजली तर दुसरा त्रास होतो. ऑइल तापते, आतला दाब वाढतो, हवेला वाट मिळत नाही आणि तो दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. मग आपण सील बदलतो, पण टोपी साफ करत नाही. थोड्या दिवसांत गळती पुन्हा सुरू!

पाणी मिसळलेल्या ऑइलचा थर कमजोर होतो. बेअरिंगला बारीक खड्डे पडतात, उभ्या ट्रॅक्टरमध्ये दात्यांवर गंज चढतो. म्हणून पाणी आढळले तर तासांचा हिशेब बाजूला ठेवावा आणि ऑइल ताबडतोब बदलावे.

घरच्या घरी परीक्षा

चिखलणी संपली की ही परीक्षा जरूर करावी. उन्हाळी धान घेणाऱ्यांनी ती त्या चिखलणीनंतरही करावी.

१. ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागेवर उभा ठेवावा. सकाळी सुरू न करता खालचा ड्रेन प्लग अगदी थोडा सैल करावा, पूर्ण काढू नये. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. पहिल्या धारेत पाणी आले तर निकाल तिथेच लागला.

२. थोडे ऑइल स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन काही तास ठेवावे. हवेचा फेस असेल तर तो निघून जातो. दुधाळ किंवा ताकासारखा रंग तसाच राहिला तर पाणी मिसळले आहे असे समजावे.

३. शंका असल्यास जुन्या पत्र्याचा तुकडा गरम करून त्यावर ऑइलचा एकच थेंब टाकावा. तडतड आवाज आला तर त्यात पाणी आहे. पत्रा धूर निघेल इतका तापवू नये, तोंड लांब ठेवावे, मुलांना जवळ येऊ देऊ नये.

४. ड्रेन प्लगला चुंबक असल्यास तो पाहावा. करडी, मऊ पेस्ट ही नेहमीची झीज आहे. टोचणारे कण, चकत्या किंवा दात्याचा तुकडा दिसला तर नुसते ऑइल बदलून भागणार नाही, मिस्त्रीला दाखवावे. ऑइलला करपट वास येत असेल तर तेही बदलावयास झाले.

ट्रक आणि मिनी ट्रकसाठी

आपला तालुका राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे पूर्वीच्या ६ नंबरच्या महामार्गावर आहे. आधारभूत खरेदी केंद्रावर किंवा राइस मिलला धान वाहणारे डिझेल ट्रक व मिनी ट्रक काही बंधूंकडे आहेत. तिथे तासांऐवजी किलोमीटर मोजावेत. साध्या खनिज ऑइलवर ट्रकच्या गिअरबॉक्सची मुदत साधारण ४० ते ८० हजार किलोमीटर असते. नव्या गाड्यांतील लांब मुदतीचे ऑइल याहून पुष्कळ जास्त चालते. शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तकाचा.

मात्र पुस्तकातील मोठा आकडा सरळ रस्त्यावर, ठरलेल्या वजनात चालणाऱ्या गाडीचा असतो. शेतातून कच्च्या रस्त्याने भरलेली गाडी काढणे, वारंवार गिअर बदलणे, धूळ, पाणी आणि जास्तीचे वजन ही ‘कठीण वापरा’ची लक्षणे आहेत. पुस्तकात अशा वापरासाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते; आपण तीच पाळावी. गाडी कमी फिरली तरी महिन्यांची किंवा वर्षांची मुदत संपली की ऑइल बदलावे. नाल्याच्या पुराच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर गिअरबॉक्ससोबत मागचा डिफरन्शियलही तपासावा.

कोणते ऑइल?

“घट्ट ऑइल चांगले” हा समज सोडून द्यावा. गिअर-ऑइलचा ९० आणि इंजिन-ऑइलचा ४० हे आकडे वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत. ९० नंबरचे गिअर-ऑइल तापल्यावर साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन-ऑइलइतकेच घट्ट असते. म्हणून नुसता आकडा पाहून ऑइल घेऊ नये.

डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असे लिहिलेले असते. जीएल-५ मध्ये जास्त दाब सोसणारी द्रव्ये अधिक असतात; ते डिफरन्शियलसाठी योग्य. पण पुष्कळ गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतात. त्यांना ही द्रव्ये बाधू शकतात. पुस्तकात जीएल-४ सांगितले असेल तर जीएल-५ “वरचे” म्हणून घालू नये.

अनेक ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक या सर्वांना एकच ऑइल असते. अशा ट्रॅक्टरला त्याच प्रकारचे खास ऑइल लागते. त्यात साधे ९० नंबर घातले तर ब्रेक आवाज करतात, नीट लागत नाहीत आणि लिफ्टचे काम बिघडते.

बदलण्याची रीत

ट्रॅक्टर थोडा चालवून ऑइल कोमट करावे, म्हणजे कीसही सोबत निघतो. फार गरम असताना प्लग उघडू नये, हात भाजतो. सपाट जागेवर इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड किंवा ओंडके लावावेत. अवजार जमिनीवर टेकवावे. भरण्याचा प्लग उघडतो याची आधी खात्री करावी, मगच खालचा काढावा. ऑइल पूर्ण निथळू द्यावे. आत डिझेल किंवा रॉकेल घालून धुऊ नये. राहिलेले डिझेल नवे ऑइल पातळ करते. चुंबक, जाळी आणि ब्रीदर साफ करावेत, सांगितलेला फिल्टर बदलावा. डिपस्टिकच्या खुणेपर्यंत किंवा लेव्हल-प्लगच्या छिद्रापर्यंत ऑइल भरावे, थोडे चालवून पुन्हा पातळी पाहावी. पाणी सापडले होते तर सील दुरुस्त करून काही दिवसांनी बाटलीची परीक्षा पुन्हा करावी.

जुने ऑइल नालीत, बांधीत किंवा बोडीत ओतू नये. आपले तलाव पिण्याच्या गुरांचे, मासोळीचे आणि धानाचे आहेत. ऑइल झाकणाच्या डब्यात साठवून वापरलेले ऑइल घेणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडे द्यावे.

लक्षात ठेवा

• मे महिन्यात : पातळी, सील आणि ब्रीदर पाहा.
• चिखलणीनंतर : बाटलीची परीक्षा करा.
• पाणी दिसले : त्याच दिवशी ऑइल बदला, मग सील दुरुस्त करा.
• पाणी नसेल : पुस्तकातील तास, किलोमीटर किंवा वर्षे, जे आधी भरेल तेव्हा बदला.
• गरम ट्रॅक्टर तलावात घालू नका. आधी निवू द्या.

बदललेल्या ऑइलची तारीख, तास आणि प्रकार वहीत लिहा आणि ती वही ट्रॅक्टरच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुढच्या रोवणीआधी ती उघडून पाहिली म्हणजे झाले.