क्रॅनबेरी कुंडीत लावायची? आधी हे ऐका

सध्या एक प्रश्न सारखा येतोय: "ऑनलाइन क्रॅनबेरीचं रोप दिसतंय, घेऊ का?" थांबा. पैसे घालवायच्या आधी पाच मिनिटं द्या.

पहिला गैरसमज म्हणजे क्रॅनबेरी पाण्यात वाढते. लाल फळं तरंगणाऱ्या तळ्याचे फोटो आपण सगळ्यांनीच बघितलेत, पण ते काढणीच्या वेळचे. फळ पिकलं की शेतात पाणी सोडतात. फळाच्या आत हवेचे चार कप्पे असतात, म्हणून ते वर येतं आणि गोळा करणं सोपं जातं. एरवी हा जमिनीवर पसरणारा छोटासा वेल आहे. मूळचा उत्तर अमेरिकेचा. १८१६ च्या सुमारास केप कॉडच्या हेन्री हॉल यांनी बघितलं, की वाऱ्याने वाळू येऊन पडली तिथले जंगली वेल जास्त जोमाने वाढतात. लागवडीची सुरुवात तिथून झाली.

या वेलाच्या दोन अटी आहेत. माती आंबट हवी, म्हणजे पीएच साधारण ४ ते ५.५. आणि हिवाळ्यात लांब, कडक थंडी हवी. आपली काळी माती बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी. कुंडीत पीटमॉस भरून माती बदलता येईल हो, पण पुण्या-मुंबईचा हिवाळा कसा बदलणार? पुरेशी थंडी मिळाली नाही तर फुलं-फळं धरत नाहीत.

पण न्यू जर्सी, बोस्टनकडून ऐकणाऱ्यांनो, तुम्ही नक्की लावा. तिथे तर हे पीकच आहे. बी पेरत बसू नका, त्याला वेळ लागतो आणि रोप आईसारखंच निघेल याची खात्री नसते. वसंतात निरोगी वेलाच्या १५-२० सेंटीमीटरच्या काड्या कापा. खालची पानं काढा आणि वाळू-पीटमॉसच्या मिश्रणात खोचा. टोक तेवढं दोन-तीन सेंटीमीटर वर राहू द्या. माती सतत ओलसर ठेवा, पण चिखल नको. नळाचं पाणी जड असेल तर पावसाचं साठवून घाला. चुना, राख अजिबात नको. फळ साधारण तिसऱ्या वर्षी.

मग आपण इकडच्यांनी काय करायचं? करवंद लावा! नात्याने वेगळं आहे, पण चव तशीच आंबट-तुरट, आणि लोणचं, मुरंबा मस्त होतो. आपलं ऊन, आपला मुरूम त्याला चालतो. पिकलेल्या फळाचं बी धुऊन लगेच पेरा, साठवलं तर उगवण कमी होते. नाहीतर पावसाळ्यात गुटी कलम करा. फक्त काटे असतात, तेव्हा कुंडी येण्याजाण्याच्या वाटेत नको, कुंपणाला लावलंत तर उत्तम.

रोप घेताना विक्रेत्याला शास्त्रीय नाव विचारा. क्रॅनबेरी म्हणजे व्हॅक्सिनियम मॅक्रोकार्पन, करवंद म्हणजे कॅरिसा. नाव सांगता येत नसेल, तर पैसे खिशातच ठेवा.

चला, भेटू पुढच्या भागात!