जैवडिझेल : एक शब्द, चार इंधने

डिझेलवर चालणाऱ्या मोटारीत जैवडिझेल वापरावे की वापरू नये, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रशास्त्राच्या कक्षेतील आहे. तथापि या प्रश्नावर होणाऱ्या वादाकडे बारकाईने पाहिले, तर त्याचे बरेचसे मूळ शब्दार्थाच्या शिथिलतेत आढळते. 'जैवडिझेल' म्हणताना एकाच्या मनात घाण्यातून निघालेले करंजाचे तेल असते. दुसऱ्याच्या मनात कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने तयार झालेले एस्टर असते. तिसऱ्याच्या मनात पंपावरील डिझेलात त्याचे मिसळलेले पाच-सात टक्के असतात. तिघेही आपापल्या परीने खरे बोलतात आणि तरीही एकमेकांना खोडून काढतात. साहित्यविचारात संज्ञा सैल राहिली तर विवेचन बिघडते. येथे संज्ञा सैल राहिली तर इंजिन बिघडते आणि, भारतातील अनुभव पाहता, शेतकऱ्याची काही वर्षे वाया जातात. म्हणून प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करणे आणि मग उत्तराकडे वळणे इष्ट होय.

१

'तेल' या शब्दाचा इतिहास अर्थविस्ताराचा इतिहास आहे. संस्कृतातील 'तैल' म्हणजे तिळापासून निघालेला पदार्थ. पुढे तो शब्द सर्वच स्निग्ध द्रवांना लागू झाला. तमिळमधील 'एण्णेय्' हा शब्दही तिळाचा वाचक 'एळ्' आणि तुपाचा वाचक 'नेय्' यांच्या संयोगातून आलेला आहे. दोन भिन्न भाषाकुलांत अर्थाचा प्रवास एकाच वाटेने झाला. मराठीत 'तेल' हे पद समासाच्या अंती झिजून 'एल' झाले आणि खोबरेल, एरंडेल, करंजेल हे शब्द सिद्ध झाले. एकोणिसाव्या शतकात खनिज तेल आले, तेव्हा त्यालाही याच कुटुंबात जागा मिळाली. 'रॉकेल' हा शब्द इंग्रजीतून आला असला, तरी एरंडेल-खोबरेलच्या पंक्तीत तो परका वाटत नाही. हिंदीने त्याला 'मिट्टी का तेल' म्हटले, तमिळने त्याच अर्थाचे 'मण्णेण्णेय्', तर कन्नडने त्याचे परदेशीपण ओळखून 'सीमेएण्णे'.

व्यवहारात ही एकजात वर्गवारी सोयीची होती; दिव्यात करंजेल घातले काय किंवा रॉकेल घातले काय, उजेड मिळत होता. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी कुळे आहेत. डिझेल व रॉकेल ही हायड्रोकार्बनांची मिश्रणे होत. त्यांत कार्बन व हायड्रोजन यांखेरीज अन्य घटक नाममात्र असतात. वनस्पतिज तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरीनच्या एका कण्याला वसाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात आणि त्यांत ऑक्सिजनही असतो. हा रेणू डिझेलच्या रेणूहून कितीतरी मोठा व बोजड असतो. भाषेने एकत्र आणलेल्या या दोन पदार्थांना इंजिन मात्र एक मानीत नाही.

२

इंजिनाच्या बाजूने विचार करता आरंभीची परिस्थिती निराळी होती. रुडॉल्फ डिझेल याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चालले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ओटो कंपनीने मांडलेले एक छोटे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. वसाहतींत पिकणाऱ्या तेलाचा तेथेच उपयोग व्हावा, असा फ्रेंच शासनाचा हेतू होता. स्वतः डिझेलने १९१२ मध्ये या प्रयोगाचा उल्लेख करून वनस्पतिज तेलांना पुढे महत्त्व येईल अशी अपेक्षा व्यक्त केली होती. 'मूळ डिझेल इंजिन तेलबियांच्या तेलासाठीच बनविले होते' ही वारंवार ऐकू येणारी समजूत या प्रसंगाच्या विपर्यासातून उत्पन्न झाली आहे. प्रयोग यशस्वी झाला, एवढेच त्यावरून म्हणता येईल.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि तीत सूक्ष्म तुषारांच्या रूपाने शिरलेले इंधन आपोआप पेट घेते. सारे काही त्या तुषारांच्या बारीकपणावर अवलंबून असते, आणि तो इंधनाच्या दाटपणावर, शास्त्रीय परिभाषेत श्यानतेवर, ठरतो. ४० अंश सेल्सिअस तापमानाला वनस्पतिज तेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते. त्यामुळे तुषार जाड पडतात, ज्वलन अपुरे राहते, इंजेक्टरच्या तोंडाशी व पिस्टनच्या कड्यांत कीट साचते आणि न जळलेले तेल वंगणात उतरून ते घट्ट करते. संथ गतीचे, जुन्या घडणीचे इंजिन हे काही काळ सोसते. कर्नाटकातील खेड्यांत होंगे म्हणजेच करंजाच्या तेलावर वीजजनित्रे चालविण्याचे प्रयोग झाले ते अशा इंजिनांवर. मोटारीचे वेगवान इंजिन तेच सोसेल असे मानण्यास आधार नाही. तेल आधी तापवून पातळ करणारी दुहेरी टाक्यांची योजना युरोपात काहींनी अवलंबिली. पण ती मोटारीची पुनर्रचनाच होय.

३

ही अडचण दूर करणारी युक्ती १९३७ मध्ये बेल्जियममध्ये नोंदली गेली. ब्रुसेल्स विद्यापीठातील शावान यांनी पाम तेलाची अल्कोहॉलशी प्रक्रिया करून त्याचे एस्टरात रूपांतर करण्याचे पेटंट घेतले, आणि १९३८ मध्ये ब्रुसेल्स ते लूव्हाँ या मार्गावर त्या इंधनावर प्रवासी बस धावली. आजचे जैवडिझेल याच पद्धतीने तयार होते. तेलात मिथिल अल्कोहॉल आणि उत्प्रेरक म्हणून दाहक सोडा किंवा पोटॅश घालून ते सुमारे ६० अंशांवर तापविले, की वसाम्लांच्या तीन साखळ्या ग्लिसरीनच्या कण्यापासून सुटतात व प्रत्येकीला अल्कोहॉलचा अंश जोडला जातो. १०० किलो तेलामागे सुमारे १० किलो ग्लिसरीन तळाशी बसते. वर राहते ते एस्टर. त्याचा दाटपणा डिझेलच्या जवळपास येतो. शास्त्रीय अर्थाने 'जैवडिझेल' ही संज्ञा या पदार्थाचीच आहे.

यावरून चार इंधने वेगळी करता येतात : कच्चे वनस्पतिज तेल, निव्वळ एस्टर, डिझेल व एस्टर यांचे मिश्रण, आणि चौथे, हायड्रोजनच्या प्रक्रियेने तेलातील ऑक्सिजन काढून टाकून मिळविलेले इंधन. या चौथ्या प्रकाराचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन फिनलंडमधील पोर्व्हो येथे २००७ मध्ये सुरू झाले. ते उगमाने वनस्पतिज किंवा प्राणिज असले, तरी रचनेने हायड्रोकार्बनच असते. म्हणून एस्टरचे पुढील गुणदोष त्याला लागू पडत नाहीत.

निव्वळ एस्टरचे गुण खरे आहेत. त्यात गंधक जवळजवळ नसते, धूर कमी होतो, वंगणगुण चांगला असतो आणि ते सहजी पेट घेत नसल्याने साठवणीत आगीचे भय कमी असते. दोषही तितकेच खरे आहेत. लिटरमागे त्यातून डिझेलपेक्षा सुमारे ८ टक्के कमी ऊर्जा मिळते. धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे किंचित वाढतात. ते हवेने बिघडते व पाणी शोषून घेते, म्हणून महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या टाकीत ते ठेवणे योग्य नव्हे. पाम तेलाचे एस्टर थंडीत गोठू लागते. मुंबईत हा दोष जाणवणार नाही, दिल्लीच्या जानेवारीत जाणवेल.

जुन्या मोटारीत एस्टर दोन कामे करते. टाकीत व नळ्यांत वर्षानुवर्षे बसलेला गाळ ते सोडविते, त्यामुळे आरंभी फिल्टर तुंबतो व तो लवकर बदलावा लागतो. आणि जुन्या प्रकारच्या रबराच्या नळ्या व वायसर ते फुगविते किंवा मऊ करते. या दोहोंची काळजी घेतली तर साध्या घडणीचे इंजिन एस्टरवर चालू शकते.

नव्या मोटारीची अडचण निराळी व अधिक गंभीर आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज ६' ही उत्सर्जनमानके लागू झाली आणि डिझेल मोटारींत काजळी अडवून ठेवणारी गाळणी सार्वत्रिक झाली. साचलेली काजळी जाळण्यासाठी अनेक मोटारींत सिलिंडरमध्ये उशिराने थोडे जादा इंधन सोडले जाते. एस्टर उकळण्यास अधिक तापमान लागते. म्हणून त्यातील काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून वंगणात मिसळतो, आणि डिझेलप्रमाणे पुन्हा उडून न जाता तेथेच राहतो. वंगण पातळ होते व त्याचे आयुष्य घटते. याच कारणास्तव युरोपीय मानकाप्रमाणे भारतीय मानकातही सामान्य डिझेलातील एस्टरची मर्यादा ७ टक्के ठेवलेली आहे.

४

इंजिन चालते की नाही, याबरोबरच तेल कोठून येते हाही प्रश्न तितकाच मोलाचा आहे. भारतात ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के जैवडिझेलच्या मिश्रणावर धावली. २००४ मध्ये भावनगरच्या केंद्रीय लवण व सागरी रसायन संशोधन संस्थेने तयार केलेल्या निव्वळ एस्टरवर मर्सिडीज मोटारींनी हजारो किलोमीटरचा प्रवास पूर्ण केला. ते एस्टर जट्रोफाच्या बियांचे होते. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये याच वनस्पतीवर भिस्त ठेवली होती आणि २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले.

मराठीत या झुडपाला मोगली एरंड म्हणतात, तमिळमध्ये 'काट्टामणक्कु' म्हणजे रानएरंड. दोन्ही नावांनी त्याचे एरंडाशी असलेले नाते अचूक ओळखले आहे. 'मोगली' हे विशेषण ते बाहेरून आल्याचेही सुचविते, आणि ते मुळात मध्य अमेरिकेतलेच आहे. त्याचा हिंदीतील प्रचारित पर्याय 'रतनजोत' मात्र लाल रंग देणाऱ्या एका मुळीलाही लावला जातो. गुरे याला तोंड लावीत नाहीत म्हणून खेडुतांनी ते कुंपणाला लावले होते. 'पडीक जमिनीत वाढते' या वाक्याचा अर्थ 'पडीक जमिनीत भरघोस फळते' असा घेतला गेला. पाण्याविना झुडूप जगले, परंतु फळण्यासाठी त्याला पाणी व खत हवेच होते. निवडलेले वाण उपलब्ध नव्हते, फळे एकाच वेळी पिकत नसल्याने वेचणीची मजुरी वाढली आणि विषारी पेंड गुरांना घालता येईना. अनेक ठिकाणी लागवड सोडून देण्यात आली, आणि लक्ष्य कागदावर राहिले.

करंजाची गोष्ट वेगळी. तो याच भूमीतला वृक्ष. अमरकोशात तो नक्तमाल, चिरबिल्व या पर्यायांसह येतो आणि 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात नर्मदेच्या तीरावर दिसतो. तो जमिनीत नायट्रोजन स्थिर करतो, त्याचे तेल खाद्य नाही. पण फळावर येण्यास त्याला काही वर्षे लागतात. खाद्यतेलाचा मार्ग तर भारताला फारसा मोकळा नाही, कारण गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात होते. इंडोनेशियाने २०२५ मध्ये मिश्रणाचे प्रमाण ४० टक्क्यांवर नेले ते स्वतःच्या पाम तेलाच्या बळावर. जंगल तोडून लावलेल्या पामचे तेल जाळण्यात पर्यावरणाचा लाभ किती, ही शंका तेथे उरतेच. २०१८ च्या भारतीय धोरणाने लक्ष्य २०३० पर्यंत ५ टक्के असे ठेवले आणि वापरलेल्या तळणीच्या तेलाकडे लक्ष वेधले. जे तेल पुन्हा कढईत जाऊ नये, ते टाकीत जावे, हा विचार निःसंशय स्वागतार्ह आहे.

नावाचा गैरफायदाही घेतला गेला. २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी डिझेलात मिसळण्यासाठी जैवडिझेलच्या विक्रीला वाट दिली; पण त्या नावाखाली भलतीच औद्योगिक तेले विकली जाऊ लागली, आणि २०२१ मध्ये गुजरातेत अशा विक्रेत्यांवर कारवाया झाल्या.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर अर्थभेदानुसार द्यावे लागते. कच्चे तेल, मग ते करंजेल असो वा तळणीचे, मोटारीत घालू नये. मानकात बसणारे एस्टर ७ टक्क्यांपर्यंत मिसळलेले असेल तर कोणत्याही डिझेल मोटारीने ते निश्चिंतपणे वापरावे. त्याहून अधिक प्रमाण जुन्या, साध्या इंजिनात नळ्या व फिल्टर तपासून वापरता येईल. काजळीची गाळणी असलेल्या नव्या मोटारीत मात्र निर्मात्याच्या स्पष्ट अनुमतीवाचून वापरू नये. हायड्रोजन-प्रक्रियेचे इंधन मानकात बसणारे असेल, तर त्याला ही बंधने लागू नाहीत. 'जैव' या उपपदाने मनात अनुकूल भाव जागा होतो, हे स्वाभाविक आहे. परंतु ते उपपद पदार्थाचा उगम सांगते, गुणवत्ता सांगत नाही. पंपावरील फलकावर हा शब्द दिसेल तेव्हा 'यांपैकी कोणते?' हा प्रश्न विचारणे हीच वापराची पहिली पायरी होय.